नाव काय, गाव कुठलं?

२००८ च्या पावसाळ्यात मी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत लागले. पहिलं काम मिळालं ते एका दूध संघाचं. संघाचा सगळा हिशेब ‘मायएसक्यूएल’ या डेटाबेसमध्ये होता. तो त्यांच्या माणसांना ब्राउझरमधून बघता यावा, हवे ते प्रश्न विचारता यावेत, म्हणून ‘पीएचपीमायॲडमिन’ त्याला जोडून द्यायचं होतं. अर्ध्या तासाचं काम आहे, असं सांगून मला एसटीनं पाठवलं. मला तीन दिवस लागले.

हे साधन एका मशीनवर होतं आणि डेटाबेस शेजारच्या दुसऱ्यावर. साधनाच्या फाइलमध्ये सर्व्हरच्या जागी ‘लोकलहोस्ट’ लिहिलेलं होतं, ते मी तसंच राहू दिलं. २००२ क्रमांकाची चूक आली : सॉकेट सापडत नाही. लोकलहोस्ट हा शब्द दिसला की मायएसक्यूएलला जोडू पाहणारा प्रोग्राम नेटवर्कवर जातच नाही, त्याच मशीनवरची एक विशिष्ट फाइल शोधतो, हे मला ठाऊक नव्हतं. मग दुसऱ्या मशीनचा पत्ता घातला. आता २००३, आणि कंसात १११. मी पासवर्ड बदलला, पुन्हा बदलला, सगळं काढून परत बसवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संघाच्या टेलिफोनवरून आमच्या वरिष्ठांना फोन केला.

“पासवर्डला हात लावू नकोस,” ते म्हणाले. “आधी सांग, तुला नाही कोण म्हणतंय?”

हा प्रश्न मला कळलाच नाही. मग त्यांनी सावकाश समजावलं. १११ म्हणजे मशीनपर्यंत तू पोचलीस, पण त्या दाराशी कुणी बसलेलं नाही. ११० आला असता तर निरोप वाटेतच कुणीतरी गिळला, बहुतेक फायरवॉलनं. या दोन्हींत डेटाबेसला तू आल्याचा पत्ताही नाही, मग पासवर्ड बदलून काय होणार? ३३०६ क्रमांकाच्या पोर्टवर तो कुणासाठी ऐकत बसलाय ते बघ. बघितलं, तर तो फक्त १२७.०.०.१ वर ऐकत होता. म्हणजे त्याच मशीनवरून कुणी बोललं तरच. सर्व्हरच्या फाइलमधली ती ओळ बदलली, तो पुन्हा सुरू केला आणि तिसरी चूक आली, ११३० : या होस्टला परवानगी नाही. मी रडकुंडीला आले होते. फोनवर ते म्हणाले, “झालं की. आता तो स्वतः बोलला तुझ्याशी.”

गेली सतरा-अठरा वर्षं मी क्वेरी साधनं डेटाबेसला जोडून देते आहे. साधनं बदलली, डेटाबेसची इंजिनं बदलली. नवीन मुलं चूक दाखवायला स्क्रीन घेऊन येतात, तेव्हा त्यांना मी अजून तोच पहिला प्रश्न विचारते.

त्या ११३० चं कारण असं : मायएसक्यूएलमध्ये खातं म्हणजे नुसतं नाव नसतं. नाव आणि तुम्ही कुठून आलात ते ठिकाण, दोन्ही मिळून एक खातं. आमच्याकडे ओसरीवर कुणी अनोळखी आलं की आजी आधी विचारायची, नाव काय, गाव कुठलं. इंजिनही तेच विचारतं. ‘हिशेब’ या नावानं त्याच मशीनवरून येणारा आणि ‘हिशेब’ याच नावानं शेजारच्या मशीनवरून येणारा, हे त्याच्या लेखी दोन वेगळे इसम. त्यांचे पासवर्ड वेगळे असू शकतात, अधिकारही वेगळे. ही रचना कळली नाही की माणूस वैतागतो आणि गावाच्या जागी टक्क्याची खूण टाकून मोकळा होतो. त्या खुणेचा अर्थ, कुठूनही या. मी तेव्हा तेच केलं. त्याहून मोठी चूक म्हणजे साधनाला जोडणी दिली ती ‘रूट’ या सर्वाधिकारी खात्याची, पासवर्ड फाइलमध्येच लिहून ठेवला. म्हणजे ब्राउझर उघडला की थेट आत. संघातल्या लोकांना ते फार सोयीचं वाटलं. मी पुण्याला परतले.

पुढच्या वर्षी, दहा दिवसांचं बिल निघायच्या आदल्या रात्री, संघाच्या संगणक विभागातल्या एका मुलाला एका गावच्या दूध संस्थेचा दर दुरुस्त करायचा होता. त्यानं ‘अपडेट’ लिहिलं आणि कुठल्या संस्थेचा, ती अट लिहायची राहिली. एका क्षणात सगळ्या संस्थांचा दर एकच झाला. मायएसक्यूएल प्रत्येक हुकूम आपणहून पक्का करतं, आणि ती टेबलं तर ‘मायआयसॅम’ प्रकारची होती. त्या प्रकारात केलेलं मागं घेण्याची सोयच नाही. त्या मुलानं लपवलं नाही, दोन मिनिटांत फोन केला. आमच्या वरिष्ठांनी प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारा बायनरी लॉग आग्रहानं चालू ठेवायला लावला होता. आदल्या रात्रीचा बॅकअप एका वेगळ्या जागी चढवला आणि त्यानंतरच्या सगळ्या नोंदी लॉगमधून त्या एका ओळीच्या अलीकडपर्यंत पुन्हा चालवल्या. पहाटेपर्यंत दर जागेवर आले, बिल निघालं.

त्या मुलाला बोलणी खावी लागली. ती मला बसायला हवी होती, हे मी तेव्हाही मनात म्हटलं होतं, पण बैठकीत बोलले नाही. त्याला बघायची खिडकी हवी होती, मी त्याच्या हातात सगळ्या घराच्या किल्ल्या दिल्या होत्या. दुसऱ्याच आठवड्यात साधनासाठी वेगळं खातं केलं, फक्त ‘सिलेक्ट’चं, फक्त त्या एका मशीनवरून. दुरुस्त्या करणाऱ्यांची खाती निराळी, ज्याच्या त्याच्या नावाची. आणि संघाच्या कार्यालयाबाहेरून ते पान उघडणार नाही, अशी सोय केली. इंटरनेटवरच्या कुठल्याही सर्व्हरचे लॉग उघडा, ‘पीएचपीमायॲडमिन’ या नावाचं पान चाचपणारे अनोळखी पत्ते दिवसरात्र तिथं दिसतात.

आता फक्त वाचायचाच अधिकार उरला, तर धोका संपला असं मला वाटलं होतं. वाचण्यानं कुणाचं काय बिघडणार? एका संध्याकाळी संघातून फोन आला की नोंदी करणाऱ्या सगळ्या मुलींचे संगणक अडकलेत. मी लांबून आत शिरून चालू क्वेऱ्यांची यादी मागितली. वरच्या पाच ओळींत एकच क्वेरी पाच वेळा. लेखा विभागातल्या कुणीतरी सगळ्या वर्षाचं संकलन संस्थावार मागितलं होतं. पान कोरं राहिलं म्हणून त्यांनी रिफ्रेश दाबलं, पुन्हा दाबलं. खाली रांगेत नोंदी, प्रत्येकीपुढे ‘लॉक्ड’. मायआयसॅममध्ये वाचणारा सगळं टेबल धरून ठेवतो. त्याचं वाचून होईपर्यंत लिहिणारा थांबतो. आणि लिहिणारा एकदा रांगेत उभा राहिला की त्याच्या मागून येणारे साधे वाचणारेही त्याच्या मागे थांबतात. एका लांबलचक प्रश्नानं अख्खं कार्यालय थांबू शकतं, ते असं.

त्याहून मला हादरवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. मी फोनवर त्यांना पान बंद करायला सांगितलं. त्यांनी केलं. यादीतल्या पाचही क्वेऱ्या तशाच चालू. ब्राउझरमध्ये विचारणारा निघून गेला, हे इंजिनला कुणी सांगितलंच नव्हतं. ते बिचारं आपलं इमानानं मोजत बसलं होतं, न मागणाऱ्यासाठी. एकेक करून त्या मी हातानं मारल्या.

ती टेबलं पुढे ‘इनोडीबी’त नेली. तिथं लिहिणारा लिहीत असताना वाचणाऱ्याला आधीची आवृत्ती दाखवली जाते, त्यामुळे दोघं एकमेकांना अडवत नाहीत. २०१० मध्ये मायएसक्यूएलनं ५.५ या आवृत्तीपासून तोच प्रकार मूळचा म्हणून स्वीकारला. पण ‘नुसतं वाचायचंय’ असं कुणी म्हणालं की मी अजून विचारते, किती, आणि कधी?

देवनागरीचं प्रकरण मला या सगळ्यांत जास्त जवळचं आहे. खाती नीट झाल्यावर लोक साधन मोकळेपणानं वापरू लागले आणि तक्रार आली, तुमच्या त्या पानावर उत्पादकांची नावं वाचताच येत नाहीत. संघाच्या मूळ प्रणालीत नावं व्यवस्थित मराठीत. त्याच नावांच्या जागी साधनात परकी चिन्हं. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’, त्यापुढे चलनाची एक गोल खूण, मग काहीतरी तिसरंच. पुन्हा तोच ‘ए’. साधन खराब आहे, असा निकाल संघानं दिला. मलाही तसंच वाटलं. साधनाच्या जोडणीची अक्षरपद्धती बदलून ती मूळ प्रणालीसारखी केली की नावं नीट दिसतात, हेही मी करून पाहिलं. म्हटलं, सुटलं.

वरिष्ठ म्हणाले, थांब. दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. काना, मात्रा, वेलांटी हीही वेगवेगळी चिन्हं. मूळ प्रणाली ते बाइट पाठवत होती, पण जोडताना इंजिनला सांगत होती की मी ‘लॅटिन-१’ बोलते. लॅटिन-१ मध्ये एक बाइट म्हणजे एक अक्षर. इंजिननं विश्वास ठेवला आणि ‘म’ हे तीन युरोपीय अक्षरं म्हणून ठेवून दिलं. वाचताना तीच प्रणाली तेच खोटं पुन्हा सांगायची, तेच तीन बाइट परत मिळायचे आणि ब्राउझर ते मराठीत दाखवायचा. दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. पीएचपीमायॲडमिन मात्र जोडताना खरं सांगत होतं की मी यूटीएफ-८ बोलतं, म्हणून इंजिनमध्ये जे होतं ते जसंच्या तसं त्यानं दाखवलं. त्या कचऱ्याकडे बघता बघता मला त्यातला नियमही दिसू लागला. ‘अ’पासून कान्यापर्यंत आणि पहिल्या वेलांटीपर्यंत दुसरं चिन्ह चलनाची गोल खूण असतं. दुसऱ्या वेलांटीपासून पुढे, म्हणजे उकार, मात्रा, हलन्त यांच्यासाठी, तिथं जपानी येनची खूण येते. काही दिवसांत मी तो कचरा पाहून नावात दुसरी वेलांटी आहे की नाही, याचा अंदाज बांधू लागले.

ते खोटं झाकलेलं असलं तरी फुकट नव्हतं. नावाचा रकाना पन्नास अक्षरांचा होता. लॅटिनच्या हिशेबानं पन्नास अक्षरं म्हणजे पन्नास बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम सोळा चिन्हं आणि सतराव्याचा तुकडा. नाव, वडिलांचं नाव, आडनाव यांना सोळा चिन्हं कुठून पुरणार? किती तरी शेतकऱ्यांची आडनावं मधेच तुटलेली होती आणि इंजिननं तक्रार न करता उरलेलं टाकून दिलं होतं. बिलावर अर्धं आडनाव छापलं जातंय, हे लोकांनी वर्षानुवर्षं चालवून घेतलं होतं. काही नावांच्या जागी तर नुसती प्रश्नचिन्हं होती. ती कुणीतरी आमच्या साधनातून, खरी यूटीएफ-८ जोडणी वापरून, त्या लॅटिनच्या रकान्यात लिहिलेली नावं होती. लॅटिनमध्ये ‘म’ नाही, तेव्हा इंजिननं त्याजागी प्रश्नचिन्ह ठेवलं. युरोपीय कचऱ्यातून मूळ नाव परत मिळतं, कारण बाइट जिवंत असतात. प्रश्नचिन्हातून काहीच मिळत नाही.

रकाना आधी नुसत्या बाइटचा केला आणि मग यूटीएफ-८ चा. थेट बदलला असता तर इंजिननं तो कचराच इमानानं भाषांतरित करून दिला असता. मूळ प्रणालीची जोडणी दुरुस्त केली. तुटलेल्या आणि प्रश्नचिन्हांच्या नावांसाठी गावोगावच्या संस्थांच्या वह्या मागवल्या. दोन मुली आणि मी, अकरा दिवस ती नावं पुन्हा लिहीत होतो. साधन गप्प करून मी तो प्रश्न सुटल्याचं जाहीर करणार होते, ही आठवण अजून टोचते.

२०१८ मध्ये मायएसक्यूएल ८.० आलं. अक्षरपद्धती आता मुळातच चार बाइटपर्यंतची. आणि नवी आवृत्ती चढवल्या दिवशी जुनी साधनं जोडेनात. नाव तेच, गाव तेच, पासवर्डही तोच, पण ओळख पटवायची रीत बदलली होती आणि जुन्या पीएचपीला ती ठाऊक नव्हती. तो दिवस त्यात गेला.

त्यानंतर संघाची नवी प्रणाली ‘पोस्टग्रेस’ या दुसऱ्या डेटाबेसवर आली आणि विचारायचं साधन म्हणून ‘मेटाबेस’. ते डॉकरच्या डब्यात बसवलं, पोस्टग्रेस त्याच मशीनवर. पत्ता लोकलहोस्ट, पोर्ट ५४३२, जोडणी नाकारली. दहा वर्षांपूर्वीचा शब्द पुन्हा वाट अडवून उभा. डब्यातला प्रोग्राम लोकलहोस्ट म्हणतो तेव्हा त्याला तो डबाच अभिप्रेत असतो, बाहेरचं मशीन नव्हे. पत्ता सुधारल्यावर पोस्टग्रेसनं आपला प्रश्न विचारला. त्याची ओळखीची यादी एका फाइलमध्ये असते : कुठल्या ठिकाणाहून, कुठल्या डेटाबेससाठी, कोण, कुठल्या रीतीनं. यादी वरून खाली वाचली जाते आणि पहिली लागू पडणारी ओळच अंतिम. खाली तुमच्यासाठी कितीही चांगली ओळ असो, तिथवर तो जातच नाही.

हे सगळं पंधरा मिनिटांत झालं. मी समाधानानं परतले. खरी चूक उघडायला दोन महिने गेले.

एका गावच्या दूध संस्थेचे सचिव संघात आले. त्यांच्या हातात वही होती. त्यांचं म्हणणं, तुमच्या कागदावरचा रोजचा आकडा माझ्या वहीशी जुळत नाही. महिन्याची बेरीज जवळपास जुळते, रोजचा आकडा चुकतो. संघातल्यांनी त्यांना वही तपासायला सांगितलं होतं. मी एक दिवस घेऊन त्यांच्या वहीतली एकेक पावती पडद्याशी लावली. सकाळचं संकलन पाच वाजता सुरू होतं. पाच ते साडेपाचमधलं सगळं दूध आदल्या दिवसाच्या तारखेवर पडलं होतं.

सर्व्हर जागतिक वेळेवर चालत होता, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. साठवलेली वेळ अचूक होती. पण साधनानं जोडताना इंजिनला आपलं गाव सांगितलं नव्हतं, म्हणून इंजिन स्वतःच्या घड्याळानं तारीख बदलत होतं. त्याची मध्यरात्र आपल्या साडेपाचला होत होती, ऐन गवळ्यांच्या रांगेत. रोज पहिला अर्धा तास मागच्या दिवशी जात होता आणि पुढच्या दिवसाचा अर्धा तास या दिवसात येत होता. म्हणून बेरजेला फारसा धक्का लागत नव्हता आणि संघात कुणाच्या लक्षात येत नव्हतं. साधनात अहवालाची वेळ कोलकात्याची केली, त्या खात्यालाही तीच बांधून दिली. दुसऱ्या दिवशी सचिवांनी फोनवरून आकडा वाचून घेतला, वहीतला वाचला आणि “बरोबर” एवढंच म्हणाले.

या साधनांवर माझा जीव आहे, तो लेखा विभागातल्या एका बाईंमुळे. वय पन्नासच्या पुढं, शिक्षण बी. कॉम. पूर्वी त्यांना एखादी माहिती हवी झाली की पुण्याला मेल, मग दोन दिवस वाट. मेटाबेस आलं तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं, “मला ते लिहायला शिकव.” सहा महिन्यांत त्या स्वतः क्वेऱ्या लिहू लागल्या. एकदा त्यांच्या आकड्यात काही उत्पादकांचं दूध बरोबर दुप्पट येऊ लागलं. मी कारण सांगायच्या आत त्यांनीच शोधलं. संकलनाचं टेबल त्यांनी कपातीच्या टेबलाला जोडलं होतं. ज्यांची पशुखाद्याची कपात एक, त्यांचं दूध बरोबर. ज्यांच्या कपाती दोन, पशुखाद्य आणि कर्ज, त्यांची प्रत्येक दुधाची नोंद दोनदा मोजली जात होती. “अगं, ही बेरीज दुधाची नाहीच, कपातीच्या ओळींची आहे,” त्या म्हणाल्या. मला हे समजायला नोकरीची तीन वर्षं लागली होती. त्यानंतर कपातीची आधी उत्पादकवार बेरीज करून ठेवलेले तयार व्ह्यू आम्ही केले, ते त्यांच्या सांगण्यावरून.

मेटाबेसमध्ये प्रत्येकाचं लॉगिन वेगळं, पण पोस्टग्रेसपुढे सगळे एकाच खात्यानं येतात. इंजिनला एकच नाव दिसतं. मात्र प्रत्येक क्वेरीच्या वर साधन एक टिपणी जोडतं, तीत विचारणाऱ्याचा क्रमांक असतो. चालू क्वेऱ्यांच्या यादीत मी तो क्रमांक बघते. बाईंचा मला पाठ आहे. वाचण्याच्या त्या खात्याला मी दोन मिनिटांची मर्यादा घातलेली आहे. त्यापुढे गेलेली क्वेरी इंजिनच तोडतं, मग विचारणारा समोर असो वा नसो.

मागच्या मार्चअखेरीस यादीत त्यांचा क्रमांक दिसला, तीच क्वेरी तिसऱ्यांदा, सेकंद शंभरच्या पुढे. मी फोन केला.

“मॅडम, किती वर्षांचं मागताय?”

“तीन. ऑडिटर समोर बसलेत गं. ते तुटतंय सारखं.”

“आता पुन्हा लावू नका. डेटाबेसची प्रत आहे त्या सर्व्हरवर चालवते आणि आकडे पाठवते.”

“संस्थावार दे. आणि पहाटेचं दूध त्याच दिवसात धरलंय ना, ते एकदा बघ.”